ओठाला न लागलेली तार

आमच्या बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या स्टेशनातून गाडी हलली तेव्हा आप्पांनी खिडकीतून हात आत घातला, माझ्या तर्जनीवरचा घट्टा अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाले, "ह्याले नरम पडू देऊ नको, बेटा." इतरांचे बाप पोटभर जेव म्हणतात, थंडीत कान बांध म्हणतात. माझ्या बापाला घट्ट्याची काळजी. मला रडू येत होतं आणि हसूही. तोवर मी एकीकडे धूलकोट आणि दुसरीकडे चांदनी, या आसपासच्या दोन गावांपलीकडे जग पाहिलेलं नव्हतं, आणि आता निघालो होतो थेट मुंबईला.

गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे बुऱ्हाणपुरातच राहिले, त्यांना आमचा धंदा सांगायला नको. पण जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्या मुलांसाठी सांगतो. आम्ही तारकश, जरीची तार ओढणारे. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा गुंडाळायचा, भट्टीत तापवून तो तिच्या अंगी लावायचा आणि मग ती कांब जंतरीतून, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून, एकाहून एक बारीक भोकांतून ओढत न्यायची, पार केसाएवढी होईपर्यंत. चांदी ताणली जाते तसं सोनंही तिच्याबरोबर ताणलं जातं. मधेच तार ताठरली की आप्पा म्हणायचे, "रुसली. ने भट्टीजवळ, समजूत काढ." शेवटी, भेंडोळं घराबाहेर पडण्याआधी, ते डोळे मिटून तारेचं टोक खालच्या ओठावरून ओढायचे. कुठं खरखर लागली तर सगळं भेंडोळं पुन्हा भट्टीत. "बोट झूट बोलते, ओठ न्हाई," असं त्यांचं म्हणणं. बोटं घट्ट्यांनी निबर झालेली. त्यांना काय कळणार? आमच्या घरात मुलाच्या ओठावर मिसरूड फुटायच्या आधी जर फिरलेली असे.

साहेबाचं राज्य होतं. विलायती जर बाजारात आली आणि ती इतकी स्वस्त की आप्पांची झोप उडाली. अशी तार निघते कशी, हेच त्यांना कळेना. एक दिवस ते आईला म्हणाले, "भट्टी टिकवायची असंल तं त्यायचं इंगित घरात आलं पाहिजे." ते इंगित आणायला मला मुंबईच्या एका कारागिरी शिकवणाऱ्या शाळेत धाडलं. आमची भट्टी पेटती राहणार की विझणार, हे माझ्या शिकण्यावर होतं.

तिथं पहिल्याच महिन्यात माझी मती गुंग झाली. मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलं की धातूच्या पोटात कण असतात, ओढल्यावर ते लांबट होतात, अडतात, म्हणून तार ताठरते. तापवलं की ते पुन्हा नव्यानं जुळतात. त्याला म्हणे अ‍ॅनीलिंग म्हणतात. म्हणजे आप्पांच्या रुसव्याला इंग्रजी नाव होतं! मग वर्कशॉपमधलं मशीन पाहिलं. एका बाजूनं तार आत जात होती आणि लागोपाठच्या सगळ्या डायमधून, म्हणजे त्यांच्या जंतरीच्या भोकांतून, दुसऱ्या बाजूला बारीक होऊन येत होती. माणसाचा हात कुठं लागतच नव्हता. आणि ती तार चांदीची नव्हतीच. तांब्याची होती! आमच्याकडे जरीत तांबं घालणाऱ्याच्या घरी कोणी पाणी पीत नाही. इथं ते राजरोस चाललं होतं आणि वर त्याचे मार्क मिळत होते.

पण खरा धक्का पुढंच होता. काचेच्या हौदात पाणी. अगदी स्वच्छ, तळ दिसेल असं. त्यात तांब्याची तार सोडली, बॅटरी जोडली, आणि बघता बघता तार सोन्याची झाली. पत्रा नाही, भट्टी नाही, घाम नाही. मी तोंडाचा आ करून उभा राहिलो. सोनं पाण्यात विरघळलेलं असतं, हे मला कुणी बुऱ्हाणपुरात सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या हौदातून मी माझं पहिलं भेंडोळं काढलं, ओठाला लावायचा मान आप्पांचा म्हणून नुसतं उपरण्यानं पुसलं आणि गावाकडे निघालेल्या एका केळीवाल्याबरोबर आप्पांना पाठवून दिलं. कुणी केलं ते सांगू नको, नुसतं विचार कसं वाटतं, असंही त्याला बजावलं. मला त्यांची गंमत करायची होती.

चार दिवसांनी दुसरं भेंडोळं काढलं आणि घरची सवय, डोळे मिटून टोक ओठाकडे नेलं. फाडकन हातावर फटका बसला. तार लांब जाऊन पडली. मास्तर ओरडले, "मरायचंय का? सायनाइड आहे त्यात! चार पाण्यांनी धुतल्याशिवाय हात लावायचा नाही, भिंतीवर लिहिलंय ना?" लिहिलं होतं. इंग्रजीत. मला तेव्हा त्यातलं 'पाणी' तेवढं वाचता येत होतं.

आणि मग मला आप्पांचा ओठ आठवला.

डोकं ताळ्यावर नव्हतं. मिळाली ती गाडी धरली. भुसावळ गेलं तरी मी दारातच उभा होतो. बुऱ्हाणपुरात टांगा तापीवरच्या राजघाटाच्या वाटेवर आला, तर घाटाकडून ओल्या धोतरांनी चार माणसं येताना दिसली आणि मला वाटलं, आप्पांना पोचवूनच येताहेत. ती नुसती आंघोळ करून येत होती.

आप्पा जंतरीपुढं बसून तार ओढत होते. मी उंबऱ्यातच थांबलो. माझं भेंडोळं दाराबाहेरच्या खुंटीला लटकत होतं.

"ती तार... ओठाला लावली का?"

"काहून लावू?" आप्पा चकित होऊन म्हणाले. "परक्या भट्टीची तार ओठाले लावत न्हाई. उष्टं असते ते."

हा नियम मला ठाऊकच नव्हता, कारण परकी तार आमच्या घरात कधी आलीच नव्हती. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्या आनंदात मी बोलून गेलो, "परकी नाही आप्पा. मी केली."

त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. ते उठले, खुंटीवरचं भेंडोळं काढलं. "तुह्या हातची? मंग परकी कशी रे?" असं म्हणत त्यांनी डोळे मिटले आणि टोक ओठाकडे नेलं.

मी त्यांच्या हातावर फटका मारला. जोरात. मास्तरांनी मला मारला होता तसाच.

जंतरी आडवी झाली. आई स्वयंपाकघरातून धावत आली. आप्पा लाल झालेल्या हाताकडे बघत राहिले. जन्मात मी त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. "विष आहे त्यात," मी कसंबसं म्हणालो. आप्पांनी जंतरी उचलून जागेवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "मंग तिकडं तार पारखते कोन?"

"मशीन."

"हं," एवढंच म्हणून ते हात धुवायला गेले. मी इंगित घरी आणलं होतं, आणि त्या इंगिताला त्यांच्या घरात जागा नव्हती, हे आम्हा दोघांनाही तेव्हाच कळलं.

भट्टी आप्पांबरोबरच विझली. मी मुंबईत मुलामा चढवायचं दुकान काढलं, हातात रबरी मोजे घालून पोटाला मिळवलं. बोटावरचा घट्टा कधीच गेला. पण आजही भेंडोळं तयार झालं की माझा हात आपोआप ओठाकडे उचलला जातो आणि अर्ध्यावर थांबतो. गाव सोडून गेलेल्यांनो, तुमचंही काहीतरी असंच अर्ध्यावर थांबत असेल.

त्या खेपेला परत निघताना, स्टेशनात आप्पांनी माझ्या मुठीत त्यांनी ओढलेल्या तारेचा एक तुकडा ठेवला होता. तो अजून माझ्यापाशी आहे. जगात तेवढी एकच तार आहे, जी मी न धुता, न विचारता, डोळे मिटून ओठाला लावतो. मुठीपासून ओठापर्यंत, माझं घर आता तेवढंच लांब आहे.