तळोज्याला बाळ नेणारी गुणाबाई

"आई, माझी नोकरी तुमी घालवलीत!"

"मी घालवली? मी तुला नि तुज्या पोरीला वाचवली!"

"कोनापासून? कंपनीच्या शिपायापासून?"

"शिपाई हाय असं त्याच्या कपालावर लिवलंवतं काय गो?"

हे भांडण मी मोरीत भांडी घासताना ऐकलं. नव्वद सालची गोष्ट. आमच्या पनवेलच्या आळीत माझी मोरी नि गुणाबाईची मोरी यांच्यामध्ये एक विटेची भिंत, तीही वरून उघडी. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काय फडताळात ठेवणार? खरं सांगायचं तर मी नळही बंद केला होता.

गुणाबाई मूळची जासईकडची. उभा जन्म मिठागरात गेला, त्यामुळे तळपाय दगडासारखे आणि जीभ मिठासारखी, जरा जास्त पडली की झोंबायची. नवरा लवकर गेला. मुलगा भावेश टेम्पो चालवायचा कमी, दुरुस्त जास्त करायचा. घर चालायचं ते सुनेच्या, रंजिताच्या पगारावर. रंजिता औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कारखान्यात होती. कारखाना पनवेलातच, चालत जाण्यासारखा. तो तळोज्याला जाणार असं फार दिवस नुसतं बोलणं होतं, कुणी खरं धरत नव्हतं.

रंजिताला माहेरी आई नव्हती. म्हणून पहिलं बाळंतपण सासूनंच केलं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, उशाखाली विळा, दाराला कडुलिंब. लेकीचं कुणी करणार नाही इतकं केलं. त्यातच घोळ झाला. गुणाबाईच्या घरातली रीत अशी, की पाचवीच्या दिवशी दारात परका माणूस आला आणि बाळंतिणीचं नाव घेऊन विचारू लागला, तर घरात अशी कोणी नाही म्हणायचं. त्या दिवशी सटवाई यायची असते, तिच्या मागोमाग आणखी काय काय येतं, आणि ते माणसाच्या रूपात येतं. कारखान्याचा शिपाई दयाराम नेमका पाचवीलाच आला. "रंजिताबाई इथंच राहतात ना? कारखाना तळोज्याला चाललाय. त्या येणार का तिकडं?"

गुणाबाईनं दार अर्धं लोटून सांगितलं, "अशी कोन नाय इथं. आनि ती येनार नाय."

घरात कोणी नाही तर येणार नाही ती कोण, हे दयारामला विचारावंसं वाटलं नाही. त्यानं ऑफिसात जाऊन सांगितलं, येणार नाही म्हणतात.

कारखाना हलल्याचं रंजिताला मैत्रिणींकडून कळलं होतं. सगळ्या बायांना तिकडं घेतलंय, मग मलाही घेतीलच, अशा भरवशावर ती होती. रजा संपल्यावर तळोज्याला गेली तर ऑफिसातला साहेब म्हणाला, तुम्ही नाही म्हणालात, तुमच्या जागी दुसरी मुलगी लागली. ती घरी आली, आणि मी ऐकलं ते भांडण झालं.

त्यानंतर दोघी बोलेनात. गुणाबाई सुनेच्या ताटात भाकरी वाढायची आणि भिंतीशी बोलायची, "खायाचं तर खा म्हनावं." दोन दिवसांनी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. डोळे लाल. म्हणाली, "वहिनी, माजं तोंड शिवून टाका."

मी म्हटलं, "तोंड राहू दे, कामाला येईल. आधी कृष्णकांतांकडे चल."

कृष्णकांत आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे, मुंबईत कामगार युनियनच्या ऑफिसात होते. त्यांनी चष्मा पुसत सगळं ऐकलं. मग म्हणाले, "गुणाबाई, बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला कामावरून काढता येत नाही. कारखाना तळोज्याला नेला तर बाकीच्या बायांबरोबर तिलाही न्यायला हवं. आणि सासू दारात काय म्हणाली हा काही राजीनामा होत नाही."

"म्हंजे माज्या बोलन्याला काय किंमत नाय?"

"या बाबतीत नाही."

"बरं झालं बाबा!" गुणाबाई म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिला या गोष्टीचा आनंद झाला असेल.

दुसऱ्या दिवशी ती, रंजिता आणि मांडीवरची छोटी मिताली तळोज्याला गेल्या. सोबत हवी म्हणून मीही. साहेब चांगल्या घरचा दिसत होता, आवाज चढवत नव्हता. म्हणाला, "आजी, आम्ही माणूस पाठवला होता. तुम्हीच नाही म्हणालात."

"मी नाय म्हनले ते सटवीला, तुमाला नाय."

साहेबाला काही कळेना. रंजितानं खाली मान घालून पाचवीची रीत सांगितली. बाजूची टायपिस्ट तोंडावर रुमाल धरून हसायला लागली.

"पण आम्हाला ते कसं कळणार?"

"नाय कललं तर नाय. पन सायेब, नोकरी तिची ना? उद्या तुमच्या दारात येऊन मी सांगितलं, सायेब आता कामाला येनार नाय, तर तुमी घरी बसाल?"

मग रंजितानं तोंड उघडलं. "सर, मला कोनी विचारलंच नाही. मी येनार होते, येनार हाय. नाय घेतलंत तर लेबर ऑफिसरकडे जाईन." गुणाबाई सुनेकडे अशी बघत राहिली, जसं काही ते वाक्य तिनंच जन्माला घातलं होतं.

साहेबानं फोन केले, आत-बाहेर केलं, आणि सोमवारपासून या म्हणाला. नवी मुलगीही राहिली, काम काय कमी नव्हतं.

कृष्णकांतांनी आणखी एक सांगितलं होतं. मूल सव्वा वर्षाचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळात दोनदा पाजायला सुट्टी मिळते. पण पनवेलचं बाळ तळोज्याला पाजायचं कसं? गुणाबाई म्हणाली, "त्यात काय? भावेशला माजी आय मिठागराच्या बांधावर आनायचीच की." आणि सोमवारपासून ती बाळाला घेऊन एसटीनं निघाली. कारखान्यांचा वास आला की पोरीच्या नाकावर पदर धरायचा, आणि स्वतः खोकायचं. वॉचमन काशिरामनं तिच्यासाठी केबिनमागे बाकडं टाकलं. पहिल्या दिवशी त्यानं हटकलं, "आजी, कोन पाहिजे?" तर ही ओरडून, "रंजिता! हाय ती! कामाला हाय!" तेव्हापासून कुणाही बाळंतिणीचं कुणीही विचारलं, अगदी दूधवाल्यानं, तरी तिचं उत्तर ठरलेलं, "रजेवर हाय, येनार हाय." पाचवी असली तरी. सटवाईशी मी बोलून घेतलंय म्हणायची.

मितालीचं सव्वा वर्ष भरलं, तोवर पनवेलहून कारखान्यात जाणाऱ्या आणखी दोघी बाळंत झाल्या होत्या. त्यांनी विचारलं, मावशी, आमचंही आणाल का? गुणाबाई नाही म्हणायला विसरलीच होती. मग पुढची सात-आठ वर्षं कुणा ना कुणाचं पोर तिच्या खांद्यावर असायचंच. गुडघे गेले, एसटीची पायरी उंच होत गेली, तरी जायची. रंजिता म्हणायची, आई, आता बस करा. ती म्हणायची, तू भर गो तुज्या गोल्या.

शेवटची गेली ती भामाच्या मुलाला घेऊन. भामाही तिथंच पाकिटं भरायला. नंतर गुणाबाईला ताप भरला आणि आठवड्यातच ती गेली. पण त्या दिवशी तसं काहीच वाटलं नाही. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. ती दुपारच्या गाडीनं परतली, पोर खांद्यावर, दुधानं जड झालेलं. "प्यायला?" मी विचारलं. "प्यायला. चावतोय मेला, भामा वराडली." मग तिनं त्याला उभं धरलं, पाठीवर थापटलं, त्यानं मोठी ढेकर दिली, आणि ती त्याला भामाच्या सासूकडे पोचवायला पुढं चालू लागली.