ठेवून घेतलेला हात

मराठी कानावर पडली की अप्पा विरघळायचे. कुंभकोणमला घराबाहेर सगळा कारभार तमिळमधून. त्यात नव्वद साल उलटल्यावर कधीतरी त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसवायला पुण्याचा एक तरुण इंजिनियर आला आणि त्यांना चक्क "काका" म्हणाला. झालं! आमच्या वडिलांना स्वर्ग दोन बोटं उरला.

अप्पा घरांचे नकाशे काढत. दारांवरच्या सागवानी रेषा ही त्यांची खासियत. प्रत्येक दारावर लाकडाची गाठ वेगळ्या जागी, आणि तिला वळसा घालून जाणाऱ्या रेषा अशा, की कागदावरून हात फिरवावासा वाटे.

मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, कॉम्प्युटर आला की एक माणूस कमी होणार. कोण, ते सांगितलं नव्हतं. आमचं घर अप्पांच्या पगारावर चालायचं, त्यामुळे आई उठता-बसता देवाला साकडं घालत होती.

एक दिवस मी डबा द्यायला गेले तेव्हा इंजिनियर म्हणत होता, "काका, सागवानाची एक फळी कागदावर काढून द्या. अगदी मन लावून हं! तुमचा हात आम्ही कायमचा ठेवून घेणार."

संध्याकाळी अप्पा दारातूनच ओरडले, "आम्हांस कायम केलें!" आईने लगेच गोडाचं करायला घेतलं. मी मात्र त्यांच्या हातातला डबा घेत म्हटलं,

"तो हात म्हणाला, अप्पा. तुम्हांला नाही."

"वेडी की काय? हात काय एकटा ऑफिसास जातो?"

त्यांनी जीव ओतून फळी काढली. इंजिनियरने तो कागद थंडगार खोलीत कॉम्प्युटरला जोडलेल्या टेबलावर चिकटवला आणि एकेक रेष गिरवून यंत्रात घेऊ लागला. अप्पा काचेतून बघत आणि घरी येऊन कौतुकाने सांगत, आज एवढं आत गेलं. मला मेलं ते कौतुक ऐकवत नव्हतं. सगळं आत गेल्यावर अप्पांचं तिथे काय काम उरणार?

मग एकदा ते भर दुपारी घरी आले. पापनाशमच्या एका घराचा नकाशा यंत्राने काढून त्यांना दाखवला होता. सगळी दारं त्यांच्याच रेषांची, आणि सगळ्यांची गाठ एकाच जागी. ते बघून झाल्यावर मालक म्हणाले होते, उद्यापासून येऊ नका.

"असे अवेळी?" आईने विचारलं.

अप्पांनी डबा खाली ठेवला. भरलेला, तसाच.

"हात राहिला तिथें," ते म्हणाले. "बाकीचे आम्ही आलों."