दुसरा कान

महाल भागातला मार्तंड, निवृत्त कारकून. तसा कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण डूख धरला की सापानंही त्याच्याकडं शिकवणीला यावं.

त्याला आणि सदर भागातल्या चंद्रभानला नाद एकच: रेडिओवर लांबची केंद्रं पकडायचा. दिवसा मीडियम वेव्हवर जवळपासचंच लागतं. दिवस बुडताना मात्र पूर्वेकडं आधी अंधारतं, म्हणून तिकडची केंद्रं आधी येतात. थोड्या वेळानं त्याच जागेवर पश्चिमेचं एखादं दांडगं केंद्र चढून बसतं आणि आधीचं गडप. मधली ती घटका साधायची, एवढाच खेळ. या नादातल्या मंडळींचा दंडक असा, की दुसऱ्या कानानं, म्हणजे सोबत ऐकणाऱ्यानं, ‘हो’ म्हटल्याशिवाय केंद्र कोणाच्या नावावर लागत नाही.

काही वर्षांमागं मार्तंडानं थायलंड पकडलं, तेव्हा दुसरा कान चंद्रभानचा होता. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "कुठं काय गा? नुसती खरखर!" झालं, मार्तंडाचं नाव पडलं थापाड्या. पुढं एका लग्नाच्या पंगतीत चंद्रभान त्याच्या कानाशी हसत बोलून गेला, "ऐकलं होतं गा म्या. तुह्यी मजा घेतली." मार्तंडही हसला. मनात मात्र डूख धरला तो धरलाच.

या हिवाळ्यात चंद्रभानचा फोन आला. "मार्तंडा, थायलंड येऊन राहिलं रोज. ये लवकर, दुसरा कान पाहिजे."

दिवस बुडताना चंद्रभानच्या गच्चीवर सगळी मंडळी जमली होती. मार्तंडानं रेडिओ कानाशी धरला. हेल काढून बोलणारी थाई बाई, अगदी स्वच्छ. अरबी केंद्र तिच्यावर चढेपर्यंत त्यानं रेडिओ सोडला नाही आणि मगच इतरांपुढं केला. "मले तर बाई-बिई काही ऐकू नाही आली."

चंद्रभान भांडेल म्हणून तो कंबर कसूनच आला होता. चंद्रभाननं मात्र रेडिओ परत घेऊन बंद केला.

"मंग डॉक्टर खरं बोलला. कान चालले म्हणे, भलतंच ऐकू येईन. मले वाटलं, थायलंड खरं निघालं तं कान शाबूत आहेत." त्यानं रेडिओ मार्तंडाच्या हातात दिला. "तूच ने गा. माह्या काय कामाचा आता?"

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी त्या माणसाचा जीव भांड्यात पडला असता. म्हणूनच मार्तंडानं ते म्हटलं नाही. मी इतकी वर्षं थापाड्या राहिलो, तू आता जन्मभर बहिरा राहा, असं मनात म्हणत त्यानं रेडिओ बगलेत मारला आणि जिना उतरला. त्याला फार बरं वाटत होतं.