मामांची अंबाडी

नांदेडला आईच्या केमोच्या दर खेपेला शेजारच्या खाटेजवळ देगलूरचे एक मामा भेटायचे. आजारी बायकोचा डबा स्वतः रांधायचे आणि वर बजावायचे, "माझ्या भाजीला नाव ठेवायचं न्हाई."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. दवाखान्यानं दिलेला आहाराचा कागद मला तोंडपाठ, तरी आई दोन दिवस जेवली नव्हती. तिला सगळंच मातीसारखं लागत होतं.

मामा म्हणाले, "बीए सायब, कागद लई वाचला. मायला इचारलं का, काय खावं वाटतंय?"

नव्हतं विचारलं. विचारल्यावर आई म्हणाली, "अंबाडी."

दुसऱ्या दिवशी मामांनी अंबाडीची भाजी आणली. आईनं घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ कमी हाय."

मी भीतभीत मामांकडे बघितलं.

"मायला चव कळाया लागली की!" म्हणत ते मीठ आणायला स्वतःच पळाले.