सशाच्या कानांवरचे हात

"गप रव रे झिला, काय होवचा नाय तुका," असं म्हणत आमचे डॉक्टर सशाला मांडीवर घ्यायचे. आम्हा माणसांशी ते अगदी पुस्तकी मराठी बोलत. मालवणी फक्त घरी आणि सशांशी.

परळच्या त्या प्रयोगशाळेत मी मेंदूच्या लहरी कागदावर उतरवणारं यंत्र सांभाळायचो. ससा जागा असला की लेखण्या बारीक, दाट रेघोट्या काढतात; झोपला की मोठमोठ्या संथ लाटा. झोपेचं औषध कानाच्या शिरेत टोचल्यावर या लाटा किती लवकर येतात, हा डॉक्टरांच्या डिग्रीचा विषय. वर्षभर खपत होते. ठाकूरद्वारचं एक चांगलं स्थळही त्या डिग्रीपायी खोळंबलं होतं, बोला!

मी घाई करू लागलो की म्हणायचे, "अहो, आधी त्याला जरा बसू द्या की!" तोवर माझा चहा पार निवायचा.

एकदा संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा लालबागकडून आला. आम्ही सगळे खिडकीशी धावलो आणि घसा बसेपर्यंत "झालाच पाहिजे" ओरडलो. डॉक्टरही ओरडले, पण जागेवरूनच, सशाचे कान दोन्ही हातांनी झाकून.

वळून बघतो तर लेखण्या झकास लाटा काढताहेत. "टोचलंत वाटतं?" मी विचारलं. डॉक्टरांनी हनुवटीनंच टेबल दाखवलं. सिरिंज टेबलावर भरलेली तशीच पडली होती.

आमच्या प्रमुख बाईंनी तो आणि आधीचे सगळे कागद पाहून कपाळाला हात लावला. "डॉक्टर, तुमचे ससे औषधाआधीच झोपतात! मग औषधाचा वेग मोजायचा कसा? वर्षाचं काम पाण्यात गेलं. आता फळीला बांधा आणि न कुरवाळता टोचा."

डॉक्टरांनी एकदाच बांधून पाहिलं. ससा किंचाळला. सशाला आवाज असतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी लगेच पट्टे सोडले. "मला जमायचं नाही हो," एवढंच म्हणाले.

डिग्री गेली, स्थळही गेलं. डॉक्टरांनी भोईवाड्यात दवाखाना थाटला. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. आता त्यांची नुसती आठवण आली तरी बरं वाटतं.

त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी पट्टे आवळून लवकरच उत्तर काढलं. औषध भलतंच झटपट निघालं. सुई बाहेर येते न येते तोच लाटा सुरू. बाईंनी पेढे वाटले. पेढा तोंडात टाकून मी सशांच्या खोलीचं दार उघडलं, तर सगळे ससे पिंजऱ्याच्या पार मागे सरकले आणि एकमेकांत डोकी खुपसून बसले.