बेल्जियममधली लावणी

आमच्या घरातली पहिली बी.ए. मी. इतिहास घेऊन, फर्स्ट क्लास. यात लाजण्यासारखं काही नाही, म्हणून आधीच सांगते. ज्या आषाढात निकाल लागला, त्याच आषाढात कुंभारवाड्याजवळच्या आमच्या वाडीत मी पहिल्या महायुद्धाच्या कारणांवर बोलले आणि आमची लावणी जवळजवळ बुडवली.

आमच्याकडं भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळी वाडी एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. त्या वर्षी काकाच्या म्हशीनं वरच्या घरच्या अण्णांचा तरवा, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली भाताची रोपं, खाल्ला. अण्णांनी म्हैस बांधून घातली. काका अण्णांच्या लावणीला गेला नाही, काकासाठी त्याचा मेव्हणा गेला नाही, मग अण्णांची भावकी मेव्हण्याकडं गेली नाही. चार दिवसांत सावड मोडून दोन तट पडले. दोघांच्या मधलं शेत आमचं, आणि आमचा तरवा जून व्हायला लागलेला. आठवडाभरात लावला नसता तर वर्षाचं भात गेलं असतं.

बाबा म्हणाले, "शिकलीस न्हवं? सांग की त्यास्नी कायतरी."

देवळासमोर सगळे बसले. मी म्हटलं, महायुद्ध असंच पेटलं. एका राजपुत्राला गोळी घातली, ते निमित्त. ऑस्ट्रिया सर्बियावर चालून गेला. सर्बियामागं रशिया, ऑस्ट्रियामागं जर्मनी, रशियामागं फ्रान्स. जो तो शब्दाला बांधलेला.

"सावडच की गं ही," आत्ते म्हणाली. "मारायची."

मग मी आर्थिक कारणांवर आले. कारखान्यांचा माल खपवायला सगळ्यांना तेच मुलूख, तेच बाजार हवे होते. सगळ्यांच्या माना वळल्या, कारण रामनगरच्या बाजारात कोनफळं विकायला काकाला आणि अण्णांना वडाखालचीच जागा लागते. तिथंच थांबायला हवं होतं. पण आरमाराची चढाओढ माझ्या आवडीची. इंग्लंडनं जहाज बांधलं की जर्मनी त्याला तोडीस तोड बांधणार. अण्णांनी पॉवर टिलर घेतल्यावर काकानं त्याहून मोठा घेतला होता. वर दोन दिवे बसवले होते, आणि ते भर दुपारी लावायचा.

काका उठला. "म्हंजे मी जर्मनी व्हय?"

"दोन दिवं कुनाचं हायत?" अण्णा म्हणाले.

"आनि राजपुत्र कोण? माजी म्हस?"

"म्हस मेली न्हाई अजून," अण्णा म्हणाले. "पर बघू."

बाबांनी हळूच विचारलं, "मग आमी कोण गं?"

"बेल्जियम. जर्मनी आधी त्याच्यात घुसली. बेल्जियमला शब्द दिलेला होता, म्हणून इंग्लंड धावून आलं."

"जितलं कोण?" काकानं विचारलं.

"इंग्लंडची बाजू."

"मग मी इंग्लंड."

"तू कसला? इंग्लंड मी!" अण्णा उठले. पुढचं हातघाईवर आलं.

घरी जाताना बाबा एवढंच म्हणाले, "तुज्यापरीस म्हस बरी. तिनं नुस्ता तरवा खाल्ला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी दोघीच तरवा उपटत होतो. एवढ्यात खालच्या बांधावरून काका सगळा तट घेऊन आला. "बेल्जियमला शब्द दिल्ता!" वरच्या बांधावर अण्णांचा तट उभाच होता. "आमी बी दिल्ता!" दोन टिलरांनी दोन टोकांकडून चिखल केला. काकाचे दिवे लागलेले होते.

लावणी मागं सरकत करतात. दोन्ही फौजा वाकून, एकमेकांकडं पाठ करून जवळ जवळ येत गेल्या. दोन हातांवर थांबल्या. मधला पट्टा कुणीच लावेना. कंबर सरळ करून दोन्ही तट आपापल्या बांधानं निघून गेले.

आई त्या पट्ट्याकडं बघत राहिली. "तुज्या पुस्तकात ह्येला काय म्हंत्यात?"

"कुणाचीच नसलेली जमीन."

"कुनाची न्हाई कशी? उताऱ्यावर तुज्या बाबाचं नाव हाय," आई म्हणाली. "वाक."