पॅकिंग बाहेर द्यायचं ठरलं तेव्हा

आमचा साहेब माणूस चांगला, पण वाईट बातमी द्यायची असली की त्याला आधी चहाच सुचतो. त्या दिवशी अंधेरीच्या आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर चहा आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गाड्यांच्या हेडलाइटच्या काचा बनवतो आम्ही. त्या पॅक करायचं काम आम्हा पाचजणींचं, आणि त्यात मी थोरली. काच नावालाच, खरं तर प्लास्टिक. नख लागलं तरी ओरखडा. म्हणून बांगड्यांवर सुती पट्टी गुंडाळायची, हातमोजे घालायचे आणि एकेक काच मऊ पिशवीत घालून ट्रेमध्ये उभी करायची.

"नवं मशीन येतंय," साहेब म्हणाला. "तुमचीच जागा लागेल. पॅकिंग बाहेर द्यावं म्हणतोय. एक मोठी कंपनी तयार आहे. शनिवारी ठरवतो."

"आणि आम्ही?"

साहेबाने बिस्किटांचा पुडा पुढे सरकवला. माझी सटकलीच. "आम्ही काय खोकी आहोत, रिकामी झाली की फेकायला?" हात असा आपटला की चहा सांडला. साहेब कप ठेवून निघून गेला.

शेजारी बसणारी वेसाव्याची कोळीण मात्र निवांत बिस्किट बुडवत होती. तिच्या घरात बायकांनीच मासळीचा धंदा सांभाळलाय; पगार घेणारी हीच पहिली. म्हणाली, "ओरडतंस कशाला गो? त्याला बाहेर द्यायचंय ना? मग आपणच बाहेर जाऊ!"

कारखान्यासमोर एक गाळा रिकामा होता; तो घेऊन पॅकिंगचं काम आपणच घ्यायचं, असं तिचं म्हणणं. आधी मी तिला वेड्यात काढलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत भाडं ठरवायला गेले. पापलेटाचा भाव करावा तसा तिने गाळेवाल्याला खाली आणलं.

शनिवारी आमचा बेत ऐकून साहेब आधी हसला. मग म्हणाला, "ठीक आहे. एक ट्रे तुमचा, एक त्या कंपनीचा. एकाच टेम्पोने गाड्यांच्या कारखान्यात पाठवू, ओरखडा कुणाच्यात पडतो बघू."

त्यांचं काहीतरी बिघडावं म्हणून मी देवाला साकडं घातलं, खोटं कशाला बोलू! पण कसलं काय, दोन्ही ट्रे सहीसलामत पोचले.

"मग तुम्हालाच का देऊ?" साहेबाने विचारलं.

"मॉडेल मध्येच बदललं की ते आधी मेल करा म्हणतील," कोळीण म्हणाली. "आम्हाला दारातून हाक मारा."

साहेबाने डोकं खाजवलं. "सहा महिने देतो. बघू." बाहेर येऊन आम्ही पाचजणी अशा नाचलो की वॉचमन बघतच राहिला.

गाळा सुरू झाला त्याच आठवड्यात साहेब घाईघाईने आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. "ताई, मोठी ऑर्डर आलीय. उद्या देता येईल का?"

इतकी वर्षं तो विचारायचा नाही, सांगायचा. माझ्या जिभेवर 'हो साहेब' आलंच होतं. ते गिळलं.

"बसा," मी म्हटलं. "आमच्यात विचारून सांगते."

आणि आत वळले, तर चौघी तोंडावर पदर धरून हसत होत्या. मला मात्र रडू आलं, आनंदाने.